इरलंवाली म्हातारी, उंची २८ मिलिमीटर

फॅन्टसी खेळांत पटावर मांडायच्या छोट्या मूर्तींना मिनिएचर किंवा मिनी म्हणतात. विकत मिळणाऱ्या मिनिएचरमध्ये म्हाताऱ्या बायका कमी, आणि ज्या आहेत त्या बहुतेक चेटकिणी. नाक बाकदार, काठीच्या टोकाला कवटी. दिवसभर खाचरात ओणवं राहून संध्याकाळी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन टेकडी चढणारी म्हातारी मला कुठल्याच कॅटलॉगमध्ये दिसली नाही. मला तीच हवी होती, म्हणून स्वतः घडवायला घेतली. ती घडवताना जे कळलं ते मुख्यतः उभं राहण्याबद्दल आहे. एवढ्याशा आकारात माणूस ओळखू येतो तो अंगाच्या ठेवणीवरून. चेहऱ्याची पाळी फार नंतर येते.

आम्ही काही जण रविवारी कळव्याला एका मित्राच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि दोघंही मुळात टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे. अख्खी पलटण हलवण्याऐवजी प्रत्येकाने एकच माणूस चालवायचा, हे या खेळाने रुजवलं. एक जण डीएम (डंजन मास्टर) असतो, सगळं जग त्याच्या हाती. बाकीचे आपापलं पात्र चालवतात, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते वीस बाजूंचा फासा सांगतो. नुसतं तोंडी बोलूनही खेळता येतं, पण लढाई लागली की कोण कुठे उभं आहे याला महत्त्व येतं. मग एक इंची चौकटींचा पट पसरायचा, एक चौकट म्हणजे पाच फूट, आणि त्यावर मिनी उभ्या करायच्या.

आमच्या डीएमने मोहीम रचली ती श्रीस्थानकात. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी, म्हणजे आपलंच ठाणं. खाडीत परदेशी गलबतं, येऊरच्या रानात वाट चुकवणारा चकवा, तळ्याकाठच्या पिंपळावर मुंजा, पाण्यात गिऱ्हा. इतिहास नावापुरता, बाकी सगळं कल्पित, पण इथल्या मातीतलं. त्यात माझं पात्र रेंजर, म्हणजे रानात माग काढणारी लढवय्यी: साठी ओलांडलेली, डोंगरातल्या वाटा तोंडपाठ असलेली बाई, कंबरेला कोयता आणि अंगावर इरलं, म्हणजे पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं बांबू-पानांचं आवरण. पटावर मात्र तिच्या जागी कितीतरी दिवस प्लॅस्टिकची एल्फ उभी असायची, टोकदार कान, कमरेपर्यंत मोकळे केस, धनुष्य ताणलेलं. डीएम म्हणायचा, "म्हातारी बांधावर येऊन थांबते," आणि सगळ्यांच्या नजरा त्या एल्फवर. समोर जे उभं असतं त्याचा बोलण्यावर परिणाम होतोच. माझी म्हातारी हळूहळू एल्फसारखी तोऱ्यात बोलायला लागली होती.

कुणीतरी सुचवलं की त्यापेक्षा राखणदार कर, आरवलीच्या वेतोबासारखा. कल्पना भारी होती, मोठ्या वहाणा घालून रात्री गावाभोवती फिरणारा. पण ज्या दैवताला लोक आजही केळीचे घड आणि वहाणा वाहतात, त्याला हिट पॉइंट (जीव किती उरला याचे आकडे) लावायचे आणि फासा वाईट पडला म्हणून पटावर आडवं करायचं, हे मला पटत नाही. भुतं चालतील, माणसं चालतील. पुजलं जाणारं दैवत पटावर आणायचं नाही, हा आमच्या टेबलावर आता नियमच आहे.

खरं तर पटावर माणसं मांडण्याची सवय आपल्याला काही परकी नाही. दिवाळीत पाचपाखाडीत सोसायटीच्या कोपऱ्यात पोरं किल्ला करतात: दगड, विटांचे तुकडे, वर गोणपाट, त्यावर चिखल, उतारावर हळीव पेरलेले. जांभळी नाक्याच्या बाजारातून मातीचे मावळे यायचे. ते मावळे मी या कामासाठी परत हातात घेऊन नीट पाहिले. दोन्ही पाय मातीच्या ढेपेत रुतलेले, घोटे जाडजूड, डोकं अंगाच्या मानाने मोठं, हात धडाला चिकटून. कुंभाराने हे विचार करून केलेलं असतं. बारीक घोटा साच्यातून निघताना मोडतो, आणि लहान डोकं चार हातांवरून दिसत नाही. फॅन्टसी मिनीवाले ज्याला 'हिरोइक' प्रमाण म्हणतात त्यामागे नेमकी हीच दोन कारणं आहेत.

थोडा हिशेब सांगते, कारण सगळं काम त्यावर उभं आहे. २८ मिलिमीटर ही उंची साधारणपणे तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरतात. डोक्यावर शिरस्त्राण किंवा पागोटं असलं की टाळू कुठे ते कळत नाही, म्हणून डोळे. म्हणजे प्रमाण झालं साठास एकच्या आसपास. आता खऱ्या आयुष्यातली तीन सेंटिमीटर जाड काठी या प्रमाणात अर्धा मिलिमीटर होते आणि माणसाचं बोट पाव मिलिमीटर. ती ना दिसणार, ना टिकणार. म्हणून काठी दुप्पट जाड करायची, पंजे मोठे करायचे. खरा माणूस स्वतःच्या डोक्याच्या सात-साडेसात पट उंच असतो, मिनी पाच-सहा पट. हे कागदावर खऱ्या मापात काढून घेतलं की पुढे हात अडत नाही.

उभं कसं करायचं हे शिकायला मी उथळसरला एका गणपतीच्या कारखान्यात गेले. गणपतीचा हंगाम नव्हता, त्यामुळे काकांना बोलायला सवड होती. मी विचारलं, "काका, बसलेल्या मूर्तीचं ठीक आहे, पण उभी मूर्ती तोलात आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

काका हातातली कोरणी पुसत म्हणाले, "आधी पाय बघ, पोरी. भार कुठल्या पायावर आहे ते एकदा ठरलं की कंबर कुठल्या बाजूला उचलली जाणार, खांदा कुठला उतरणार, ते आपसूक ठरतं. ते न ठरवता दागिन्यांत कितीही जीव ओतलास तरी मूर्ती उभी राहायची नाही." मग ते स्वतःच एका पायावर भार टाकून उभे राहिले आणि मला म्हणाले, कंबरेवर हात ठेवून बघ, कुठलं हाड वर आलंय. भाराच्या पायाकडचं कंबरेचं हाड वर आणि त्याच बाजूचा खांदा खाली. मी ते तिथेच वहीत काढून घेतलं.

दुसरी शिकवणी मुरबाडला मामीकडे. आता लावणीला सगळे मेणकापड किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतात, पण मामीच्या पडवीत जुनं इरलं अजून टांगलेलं आहे. बांबूच्या कामट्यांची जाळी, दोन जाळ्यांमध्ये दडपलेली पानं, डोक्यावरून पाठीवर पालथ्या होडीसारखं येणारं. हात दोन्ही मोकळे राहतात, इरल्याची सगळी करामत तीच. मामीने ते डोक्यावर घेतलं आणि अंगणात ओणवी झाली. मी पण तसंच करायला गेले तर लगेच ओरडली, "मानेत नको वाकूस, कंबरेत वाक. मान वर पाहिजे. नाहीतर पुढचा बांध कसा दिसायचा तुला?"

या एका वाक्याने माझी मिनी ठरली. चेटकिणीची पोक मानेपासून सुरू होते, हनुवटी छातीत जाते, नजर जमिनीवर. कामाची सवय असलेली बाई कंबरेत दुमडते, पाठ सरळ ठेवते आणि मान वर. तीच ठेवण शिकारीच्या मागावर असलेल्या रेंजरची! मी लगेच खुणा केल्या: उजवा पाय दगडावर, भार त्यावर, डावा पाय मागे, टाच उचललेली, उजवा हात कंबरेच्या कोयत्याकडे, डावा इरल्याच्या कडेला, आणि मान वर.

आता प्रत्यक्ष काम. सांगाडा तांब्याच्या तारेचा. वर चढवायची ती पुट्टी, म्हणजे मळून लावली की आपोआप कडक होणारा लगदा. जाड एकेरी तारेवर पुट्टी धरत नाही, गोल फिरते, म्हणून दोन बारीक तारा पीळ घालून एक करायच्या. पिळाच्या खाचांत पुट्टी बसते. तार कागदावरच्या चित्रावर आडवी ठेवून गुडघा, कंबर, कोपर जिथे आहे तिथेच वाकवायची. दोन्ही पायांच्या तारा तळपायाखाली लांब सोडून बाटलीच्या बुचात रोवायच्या, म्हणजे पुढे मिनीला हात न लावता नुसतं बूच फिरवत काम करता येतं. या टप्प्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. तारेचा सांगाडा खिडकीत उजेडासमोर धरायचा, एक डोळा मिटून बघायचं, आणि नुसत्या काळ्या रेघांमधूनही चढावर थांबलेली बाई दिसते का ते तपासायचं. तिथे दिसली तरच पुढे जायचं. तारेत जी ठेवण नाही ती पुट्टीत येत नाही.

पुट्टीबद्दल लोक हमखास विचारतात. आपल्याकडे सहज मिळणारं एम-सील लवकर कडक होतं आणि पोत जरा रवाळ, पण सांगाड्यावर पहिला थर द्यायला, हाडं पक्की करायला उत्तम. मोल्डइट ही हस्तकलेची माती मिनीच्या पायाखालच्या बेससाठी, दगड-मातीसाठी छान. पाण्याच्या बोटाने गुळगुळीत होतं. कपडे आणि चेहरा यांच्यासाठी मात्र मी ग्रीन स्टफ मागवली. निळी आणि पिवळी अशी दोन पट्ट्यांची फीत येते, दोन्ही मळून एकजीव हिरवी करायची. फितीत दोन रंग जिथे एकमेकांना टेकलेले असतात ती मधली रेघ आधीच आळलेली असते; ती कापून टाकायची, नाहीतर गालावर नेमका कडक खडा येतो. निळा भाग जास्त घेतला तर पुट्टी घट्ट आणि धारदार कडांना चांगली, कोयत्याच्या पात्याला. पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट, कातडी-कपड्याला. मळल्यावर तास-दीड तास ती हाताशी असते, पूर्ण आळायला रात्र द्यावी. ठाण्याच्या एप्रिलात हा वेळ चांगलाच घटतो, म्हणून मी उन्हाळ्यात पहाटे काम करते आणि न मळलेली फीत फ्रीझरमध्ये ठेवते. उलट घाई असेल तर जुन्या पिवळ्या बल्बखाली बुटांच्या खोक्यात ठेवली की लवकर आळते. हातमोजे घालावेत, न आळलेली पुट्टी कातडीला रोज लागत राहिली तर कायमची अॅलर्जी जडू शकते.

हत्यारं बहुतेक दातांच्या दवाखान्यातली. आमच्या बिल्डिंगमधल्या डॉक्टरताईंनी मेण कोरायची जुनी हत्यारं दिली, एका टोकाला चमच्यासारखं, दुसऱ्या टोकाला पात्यासारखं. त्याखेरीज लाकडी मुठीत बसवलेली शिवणाची सुई आणि रबरी टोकाचा ब्रश. हत्यार सतत ओलं ठेवायचं, नाहीतर पुट्टी त्यालाच चिकटून येते.

एका बैठकीत एकच भाग करायचा आणि तो आळू द्यायचा, कारण पदराला हात घालताना बोट कालच्या गुडघ्यावर टेकतंच. मी आधी नुसतं उघडं शरीर घडवलं, कपड्यांशिवाय. मांडी, पोटरी, पाठीचा कणा. मग त्यावर लुगडं. हे लुगडं मला फार मन लावून करायचं होतं. खाचरात उतरलेल्या बाईचं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं असतं, कासोटा मागे घट्ट ओढलेला. कापड जिथे खोचलं आहे तिथून चुण्या सुटतात आणि जिथे अंगाला ताण आहे तिथे त्या मिटतात. म्हणजे पुढे आलेल्या उजव्या मांडीवर कापड सपाट, ताणलेलं. मागच्या डाव्या मांडीखाली सैल, दोन खोल घड्या. पुट्टीचा पातळ पापुद्रा मांडीवर चढवला, सुईच्या बाजूने खोचेपासून खाली दाब दिला, मग ओल्या रबरी टोकाने दोन दाबांमधला उंचवटा गोल केला. घडी नेहमी दोन बाजूंनी दाबून उठवायची. नुसती रेघ मारली तर ओरखडा दिसतो, कापड दिसत नाही. कासोट्याची शेवटची ओढ मी पात्याच्या टोकाने मागून कंबरेपर्यंत नेली आणि तिथे अगदी लहानसा गोळा आत खोचला. तो गोळा आत गेला आणि लुगडं नेसलेलं दिसायला लागलं.

चेहरा चारेक मिलिमीटरचा. आधी मानेच्या तारेवर लहान कवटी करून ती आळू द्यायची, मग वर पातळ थर. गोल टोकाने डोळ्यांच्या खोबण्या दाबल्या की मधलं उरतं ते नाक. पात्याने एक आडवी चीर, तिच्याखाली जरा दाब, की ओठ. म्हातारपणासाठी सुरकुत्या कोरू नयेत, एवढ्या लहान चेहऱ्यावर त्या जखमा वाटतात. त्याऐवजी गालफडं आत घ्यायची, गालाचं हाड वर काढायचं, मानेच्या दोन शिरा ताणलेल्या दाखवायच्या. बास. बाकी रंग सांभाळून घेतो.

इरलं वेगळं केलं, आणि ते तसंच करावं लागतं. इरलं आणि पाठ यांच्यामध्ये पोकळी असते. घडवलेल्या मिनीचा पुढे रबरी साचा करून त्यात प्रत ओतायची असते; एकाच तुकड्यात घडवलं तर साच्याचं रबर त्या पोकळीत शिरून अडकतं आणि निघताना फाटतं. मी मोल्डइटचा इरल्याच्या आकाराचा ठोकळा केला, त्यावर क्रीम लावून ग्रीन स्टफचा पापुद्रा पसरला, ओला असतानाच सुईने तिरक्या जाळीच्या रेघा दाबल्या आणि कडेला पानांची टोकं जरा बाहेर ओढली. खऱ्या इरल्याची कामटी या प्रमाणात केसाएवढी होईल, म्हणून जाळी मोजून विरळ केली. आळल्यावर ठोकळ्यावरून सोडवलं, आत पिनेएवढं भोक पाडलं, पाठीला तारेचा खुंट.

साचा आणि ओतकाम मी दसऱ्यानंतर केलं. साच्यात ओतायच्या पॉलियुरेथेन रेझिनला, म्हणजे आळून प्लॅस्टिक होणाऱ्या द्रवाला, ओलावा चालत नाही. पाणी लागलं की त्यात वायू तयार होतो आणि मिनी बुडबुड्यांनी भरून जाते. ठाण्याच्या पावसाळ्यात हवाच ओली. साच्याचं रबर, म्हणजे सिलिकॉन, वागळे इस्टेटमधल्या एका दुकानातून आणलं. दुकानदाराने आधी मातीबद्दल विचारलं, कारण गंधक असलेली तेलमाती वापरली तर प्लॅटिनमवर आळणारं सिलिकॉन त्या जागी चिकटच राहतं. मिनी अर्धी मातीत पुरायची, मातीत चार खळगे पाडायचे म्हणजे दोन अर्धे पुढे अचूक जुळतील, भोवती भिंत आणि एका कोपऱ्यातून बारीक धारेने सिलिकॉन. ते आळलं की उलटं करून माती काढायची, पृष्ठभागावर व्हॅसलीनचा हलका हात, आणि दुसरा अर्धा ओतायचा. रेझिन ओतताना खिडक्या उघड्या, तोंडाला योग्य मास्क. हवा बाहेर जायला हात, कोपर आणि कोयत्याच्या टोकापासून बारीक वाटा कोरल्या.

रंगकामाबद्दल एकच. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारला तर पृष्ठभाग खडबडीत, पांढुरका होतो, म्हणून मी वर्षभर ब्रशनेच लावते. डोळे सगळ्यात शेवटी. मूर्तिकार ज्याला आखणी म्हणतात तीच: आधी गडद रेघ, मग आत पांढरा, मग काळा ठिपका. नजर सरळ समोर ठेवली नाही, जरा वर डावीकडे वळवली. पुढचा बांध दिसला पाहिजे ना.

रविवारी ती पटावर ठेवली तेव्हा कुणाला सांगावं लागलं नाही. टेबलाच्या पलीकडून नकाशा लावणारा मित्र म्हणाला, "ही चढ चढतेय." चेहरा त्याला तिथून दिसत नव्हता, लुगड्याच्या घड्याही नाहीत. दगडावरचा पाय, कंबरेतला वाक आणि वर उचललेली मान, एवढंच. डीएमने तिथल्या तिथे ठरवलं की वरून बाण आले तर इरलं ढालीचं काम करेल, म्हणजे आर्मर क्लासला, वार लागू न देणाऱ्या आकड्याला, अधिक दोन. माझी म्हातारीही पुन्हा आपल्या भाषेत बोलायला लागली. त्या दिवशी तिने मुंज्याला पिंपळावरून खाली उतरवलं ते त्याच्याशी गुरं आणि पाऊस यांच्या गोष्टी करून. कोयता काढलाच नाही.

त्यानंतर टेबलावरच्या सगळ्यांनी आपापल्या पात्रासाठी मागणी नोंदवली आहे. खाडीतला तांडेल आधी करायचा आहे, वल्हं मारतानाचा, कारण होडीत बसलेल्या माणसाचा सगळा भार टाचांवर येतो की पाठीवर ते मला अजून नीट बघायचं आहे. आणि इरल्याचे वेगवेगळे आकार जमवायचे आहेत. डहाणूकडचं, रायगडातलं, सिंधुदुर्गातलं इरलं जिथे तिथे थोडं निराळं असतं असं मामी सांगते. ठाण्यात कुणाच्या घरी माळ्यावर किंवा गावच्या पडवीत जुनं इरलं असेल तर मला एकदा हातात घेऊ द्या. लांबी, रुंदी, जाळीच्या घरांचं माप आणि डोक्याकडचा बाक, एवढं टिपून घेईन आणि त्या मापाची एक मिनी तुमच्या घरी आणून देईन.